अठरा गुंठे, नऊ हिस्से आणि लूकचा बारावा अध्याय

बाबा गेल्यानंतर त्यांच्या जमिनीची वारस नोंद, हरकत, हक्कसोडपत्र या सगळ्यातून पार पडायला आम्हाला वर्ष लागलं. आमच्या वसईत हा विषय घरोघर असतो आणि घरोघर तो दबक्या आवाजातच बोलला जातो. ओळखीतल्या दोघीतिघींनी कागदांची यादी मागितली, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते आहे. यादीबरोबर थोडं देवाधर्माचंही येईल. त्याला इलाज नाही, कारण माझी झोप उडाली होती ती कागदांमुळे नव्हे, आणि ती परत आली तीही कागदांमुळे नव्हे.

बाबा जानेवारी 2025 मध्ये गेले. मागे आई, दादा, मी आणि धाकटी. जमीन म्हणजे आजोबांकडून आलेली अठरा गुंठ्यांची वाडी, त्यातच घर. राजेळी केळी, थोडा मोगरा, चुलत्यांबरोबर सामायिक विहीर. वाडी दादा बघतो. मी लग्नानंतर ठाण्याला, धाकटी नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत. मृत्युपत्र नव्हतं. बाबांना तो विषय अशुभ वाटायचा.

पहिलं काम मृत्यूचा दाखला. एकवीस दिवसांच्या आत नोंद केली तर शुल्क नाही. हॉस्पिटलात जो फॉर्म भरतात तो रडत रडत कुणीतरी भरतं आणि नाव चुकतं. तिथे आधार कार्ड समोर ठेवा, स्पेलिंग स्वतः वाचा, मगच सही करा. आमच्याकडे भाच्याने भरला आणि तेवढं नशीब की आधारबरहुकूम भरला. तरी गोंधळ व्हायचा तो झालाच. आधारवर बाबा ‘पास्कल जोसेफ’, सातबारावर ‘पास्कू जुजे’. महसूलखात्याच्या दृष्टीने पास्कल मेला होता आणि पास्कू जिवंत होता.

हा त्रास ख्रिस्ती घरांत फार आहे. जुजेचा जोसेफ, इनासचा इग्नेशियस, आणि मुली लग्न करून गेल्या की त्यांचं नाव, मधलं नाव, आडनाव सगळंच बदललेलं. आम्ही धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ऑफिसात गेलो. बाबांचा जन्म 1941 चा. तिथल्या बाईंनी रजिस्टर काढलं, पानं फडक्याने पुसली आणि बोट ठेवून दाखवलं: ‘पास्कोआल, जुजेचा मुलगा’, शेजारी आजीचं नाव आणि बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या दोघांची नावं. तिसरं स्पेलिंग! पण आईबापांची नावं जुळत होती, गाव जुळत होतं. तो उतारा, आईबाबांच्या लग्नाचा चर्चमधला दाखला आणि ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर ते काम निभावलं. आम्हा बहिणींचेही बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले त्याच वेळी काढून घेतले. ते पुढे प्रत्येक ठिकाणी लागले. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस ‘स्टँप पेपर घ्याच’ म्हणेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो, आम्ही तलाठी कार्यालयात दिला कारण नावांचं प्रकरण समोरासमोर समजावून सांगायचं होतं. (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत, पण तलाठी म्हटल्याशिवाय कुणालाच कळत नाही, त्यांनाही.) कागद असे: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मृताशी नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, ताजा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा), सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. त्याच सुमाराला, एप्रिलपासून, राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. त्याचा आम्हाला फायदा असा की कार्यालयात कुणी ‘नंतर या’ म्हणत नव्हतं. तोटा असा की सगळी वसई तिथे उभी होती.

फेरफार नोंद (सातबारावरची नावं बदलण्याची नोंद) झाली की नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात. तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत काही आलं नाही की माणूस सुटलो म्हणतो. आमच्याकडे शेवटी चुलतभावाची हरकत आली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

हरकत विहिरीबद्दल होती. त्याला भीती, आम्ही वाडी बिल्डरला देऊ आणि त्याचं पाणी जाईल. आणि भीती अगदीच खोटी नव्हती. बाबांच्या महिन्याच्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) आलेल्या एका दलालाने चहा पिता पिता दादाला भाव सांगितला होता. तो आकडा माझ्याही कानावर आला. त्या दिवसापासून मी रात्री दोनला उठून मोबाइलवर सातबारा उघडायचे. बघण्यासारखं त्यात नवीन काहीच नसायचं. मग गुणाकार. आधी गुणाकार, मग त्या पैशांचं काय करायचं, मग दादाने आधीच काही सही तर केली नसेल ना, मग आई कुणाकडे राहील, मग परत गुणाकार. पहाटे पाचला देवळाची (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) घंटा ऐकू आल्यासारखी वाटायची. ठाण्यात आमच्या जवळपास देऊळ नाही.

हिस्से किती, हे मला तोवर माहीतही नव्हतं. एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं, आणि हे प्रत्येक ख्रिस्ती घराने लक्षात ठेवावं. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. आमचे झाले नऊ हिस्से: आईचे तीन, आम्हा तिघांचे प्रत्येकी दोन. अठरा गुंठ्यांत आईचे सहा, आमचे चार-चार. आणखी एक त्या म्हणाल्या: सातबारावर नाव लागणं ही महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. तेव्हा नाव लागलं म्हणून नाचू नका, लागायला उशीर झाला म्हणून मरू नका.

दादाला वाटत होतं, बहिणी रीतीप्रमाणे हक्क सोडतील. त्याचं म्हणणं तुसडं नव्हतं. बाबांची शेवटची तीन वर्षं त्याने आणि वहिनीने काढली होती, डायपरपासून. पण मावशीने जे केलं त्याने मला जास्त लागलं. ती म्हणाली, “अगं, माहेरचं कसलं मागायचं? बायबलात काय लिहिलंय, लोभ करू नका.” आमच्याकडे लोभाचं प्रवचन बहिणींना लगेच लागू होतं, भावांना जरा सवडीने. मी तिला काही बोलले नाही. घरी येऊन ह्यांच्यावर ओरडले.

जूनमध्ये मी आमच्या गावच्या फादरांकडे गेले. मनात अगदी स्पष्ट होतं: फादरांनी दादाला बोलावून घ्यावं, समजवावं, वाटणी करून द्यावी. दादा त्यांचं ऐकतो. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हेच काम एका माणसाने येशूला सांगितलं होतं. त्याने घेतलं नाही, मी कुठे घेऊ?” मग बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय घरी वाचायला सांगितला, तेराव्या ओवीपासून पुढे, न थांबता.

‘चिंता करू नका, पाखरांकडे बघा’ हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, कॅलेंडरवर छापलेलं. ते मत्तयच्या सहाव्या अध्यायात डोंगरावरच्या प्रवचनात येतं, तेच सगळ्यांना पाठ. लूकमध्ये ते कुठून सुरू होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ते सुरू होतं वारसाहक्काच्या भांडणातून. गर्दीतला एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? मग तो सगळ्यांना लोभापासून सावध करतो आणि कोठारं पाडून मोठी बांधू बघणाऱ्या श्रीमंताचा दाखला देतो, ज्याचा जीव त्याच रात्री जाणार असतो. आणि त्यालाच लागून शिष्यांना सांगतो, काय खाऊ, काय पांघरू याची चिंता करू नका, कावळ्यांकडे बघा.

दोन भावांपैकी खरं कुणाचं होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. मला ते आधी पटेना. माणूस न्याय मागतोय आणि त्याला उपदेश मिळतोय! पण वाचता वाचता एवढं दिसलं की लोभाची ताकीद मागणाऱ्याला एकट्याला नाही, वाटा दाबून बसलेल्या भावालाही तीच आहे. मावशीने अर्धंच वाचलं होतं. आणि माझी रात्रीची चिंता आणि दिवसाचा गुणाकार, ही दोन वेगळी दुखणी नव्हती. तो श्रीमंत माणूसही झोपायच्या ऐवजी हिशेबच करत बसलाय.

फादरांनी एक साधं काम दिलं, ते अजून चालू आहे. झोपण्याआधी वहीत लिहायचं, यातलं उद्या माझ्या हातात काय आहे. ‘वकीलबाईंना फोन’. ‘धाकटीचा लग्नाचा दाखला आणणे’. जे हातात नाही ते वरच्या ओळीत लिहून प्रार्थनेत म्हणायचं, मोठ्याने, नाव घेऊन: “देवा, दादा सही करतोय का ते मला माहीत नाही.” हे पहिल्यांदा म्हणताना अक्षरशः लाज वाटली. चिंता करू नका म्हणजे अर्ज करू नका, असा अर्थ काढणारे आमच्यात कमी नाहीत. त्यांच्या जमिनी तशाच पडून आहेत, पणजोबांच्या नावावर.

मंडळ अधिकाऱ्यांकडे (तलाठ्यांच्या वरचे) हरकतीची सुनावणी लागली. तारीख पडली, पुढे गेली, परत पडली. पावसात छत्र्या गळत उभं राहायचं आणि चुलतभाऊ समोरच्या भिंतीला. शेवटी दादाच त्याच्या घरी जाऊन बसला. विहिरीतला त्याचा वाटा सातबाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात लिहून घ्यायला आमची ना नाही, असं लेखी दिलं आणि त्याने हरकत मागे घेतली. सामायिक विहीर, पायवाट, पाण्याची पाळी असेल तर आधीच शेजारी जाऊन बोला. आमचे पावसाळ्याचे महिने त्यात वाचले असते. जुलैच्या शेवटी नोंद मंजूर झाली आणि चौघांची नावं लागली.

तीन ऑगस्टला रविवार होता. त्या दिवशी जगभरच्या कॅथलिक देवळांत शुभवर्तमान तेच होतं, लूक बारा, वतनाचा वाटा मागणारा माणूस. दर तीन वर्षांनी ते येतं, कुणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. आम्ही आईला घेऊन सगळे एका बाकावर. पहिलं वाचन बायबलातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकातलं: माणूस कष्ट करकरून मिळवतो आणि ज्याने हात लावला नाही त्याच्या वाट्याला सोडून जातो. दादाने मान खाली घातली. मग शुभवर्तमान सुरू झालं तशी धाकटीने मला कोपर मारलं, आणि मी बघितलं तर दादाचे खांदे हलत होते. तो हसत होता. मिस्सेनंतर बाहेर शेवग्याखाली म्हणाला, “फादरांना पैसे दिलेस काय गं?” फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा आम्ही तिघं त्या विषयावर नीट बोललो.

निर्णय त्या दिवशी झाला नाही. सप्टेंबरात मी एका तपसाधनेला गेले, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, मौन, मोबाइल ऑफिसात जमा. राहण्या-जेवणाचे अडीच हजार. पहिल्या रात्री सातबारा बघता येत नाही म्हणून बोटं शिवशिवत होती, हे सांगायला हवं. तिथे संत इग्नेशियसचं एक मनन दिलं. इग्नेशियस लोयोला सोळाव्या शतकातला, आधी शिपाईगडी, पैशापाण्याची ओढ काय असते ते माहीत असलेला. तीन प्रकारची माणसं, प्रत्येकाला दहा हजार डुकाट (त्या काळची सोन्याची नाणी) मिळालेत आणि त्यांचा जीव त्यात अडकलाय. पहिल्याला ओढ सुटावी असं वाटतं, पण मरेपर्यंत काही करत नाही. दुसऱ्याला ओढ सुटावी आणि पैसेही राहावेत असं वाटतं. तिसरा म्हणतो, ठेवायचे की सोडायचे हे मी आधी ठरवून येत नाही, देवाच्या सेवेला जे बरं ते करीन.

मी मुळात एका ठाम मताने गेले होते: हक्क सोडायचा नाही, तत्त्व म्हणून. तत्त्व बरोबरच होतं, आजही म्हणते. पण तिसऱ्या माणसासारखा प्रश्न विचारला की दादा विरुद्ध मी हा मुद्दाच मागे पडायचा आणि धाकटी दिसायची. तिच्या नवऱ्याची नोकरी गेलेली, दर अकरा महिन्यांनी खोली बदलायची. आमच्या फ्लॅटचं कर्ज फिटलंय, मुलगा कमावतो. यात मोठेपणा काही नाही, बेरीज-वजाबाकी आहे. ती मला वर्षभर दिसली नाही, कारण मी दुसराच गुणाकार करत होते.

2025 हे कॅथलिक चर्चचं जयंती वर्ष (ज्युबिली) होतं. बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात मूळ जयंतीचा नियम आहे, पन्नासाव्या वर्षी जमीन ज्याची त्याच्या कुटुंबाकडे परत. कारण तिथे देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडचे उपरे. तपसाधनेतून परतताना बसमध्ये ते वाचत होते आणि बाहेर दोन्ही बाजूंना टॉवर.

मी माझे चार गुंठे धाकटीच्या नावे सोडले. दादाला राग आला. त्याला वाटत होतं सोडायचंच असेल तर वाडी कसणाऱ्याला सोडावं, आणि या म्हणण्यात तथ्य आहे. आईने मध्ये पडून एवढं ठरवलं की ती असेपर्यंत वाडी विकायची नाही, उत्पन्न दादाचं. हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. ह्यांचं म्हणणं एकच होतं: “सोडायचं तर सोड, पण सोडून रडत बसू नकोस.”

हक्कसोडपत्राचं आता थोडक्यात. ते सहमालकाच्याच नावे करता येतं. वडिलोपार्जित मिळकतीत भावाबहिणींमध्ये मोबदला न घेता केलं तर मुद्रांक शुल्क आता पाचशे रुपये आहे. ऑक्टोबर 2024 च्या आधी दोनशे होतं. मोबदला घेतला तर हिशेब वेगळा, तो लपवायला जाऊ नका. नोंदणी फी आणि पानागणिक दस्त हाताळणीचे पैसे वेगळे. दस्त लिहिणाऱ्याने आमच्याकडून तीन हजार घेतले. सही केल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. आधार, पॅन, फोटो, ओळखीला दोन साक्षीदार, त्यांचेही आधार. आमचा दस्त नोव्हेंबरात झाला. सकाळी दहाला नंबर लावला, सर्व्हर पडला, जेवायच्या सुट्टीनंतर उठला. माझा अंगठा मशीन घेईना. भांडी घासून रेषा गेल्यात, असं ऑपरेटर म्हणाला. ओला कपडा, परत अंगठा, परत नाही, शेवटी मधलं बोट. सही करण्याआधी ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’ ही ओळ अधिकाऱ्याने मला मोठ्याने विचारली. बायकांना ती विचारतात हे बरं करतात. ज्यांना ‘हो’ म्हणवत नसेल त्यांनी तिथेच थांबावं. नोंदलेला हक्कसोड मागे फिरवणं महाकठीण आहे, आणि मनात सल ठेवून केलेल्या त्यागाला देवाची सही असते असं मला तरी कुणी दाखवलेलं नाही.

नोंदणी झाली की माहिती तिथूनच महसूलकडे जाते, पुन्हा फेरफार, पुन्हा नोटीस, पुन्हा पंधरा दिवस. या वेळी कुणी हरकत घेतली नाही. डिसेंबरात नवा सातबारा निघाला. मी तो पाहिला, पंधरा रुपये भरून. आई, दादा, धाकटी. माझं नाव कमी झालेलं. पोटात थोडं कालवलं, ते दोन-चार दिवस राहिलं. वहीत वरच्या ओळीत लिहिलं, तसं म्हटलं, झोपले.

दादा नाताळला नेहमीसारखा केळ्यांचा घड घेऊन आला. माझ्याशी बोलला, धाकटीशी जरा जपून बोलतो अजून. पालिकेच्या घरपट्टीवर मात्र बाबांचंच नाव आहे, ते वेगळ्या खिडकीचं काम आहे. मृत्यूचा दाखला, नवा सातबारा, आधीच्या पट्टीची पावती आणि सगळ्या वारसांची संमती असा अर्ज करायचा आहे. तो धाकटी करणार आहे. नावाच्या तीन स्पेलिंगांचं प्रतिज्ञापत्र तिला झेरॉक्स करून दिलंय, पाच प्रती.